बाहेर ३५, आत शून्य

मार्चच्या दुपारी पिंपळगाव बसवंतात ३५ अंश ऊन असतं आणि मी हातात स्वेटर घेऊन कामाला निघतो. टपरीवरची मंडळी हसतात. हसू द्या. मी ज्या दारातून आत जातो तिथं काटा ० ते १ अंशावर असतो.

द्राक्ष निर्यातीच्या एका पॅक हाऊसमध्ये कोल्ड स्टोअर सांभाळायचा हा माझा नववा सीझन. दर जानेवारीत नवी पोरं येतात आणि एकच चूक करतात. मीही केली होती. वडिलांचं जाडजूड जॅकेट चढवून पॅलेट, म्हणजे पेट्या रचायच्या लाकडी फळ्या, ओढायला लागलो. वीस मिनिटांत घामानं बनियन भिजलं. मग कंटेनर यायला उशीर झाला म्हणून उभा राहिलो, आणि तो घाम असा गार पडला की दात वाजायला लागले. जॅकेट तेच, थंडीही तीच, फक्त आतून ओला झालो होतो. आत आर्द्रता ९०-९५ टक्के ठेवतात, नाहीतर देठ सुकतात. अशा हवेत अंगावरचं ओलं काही वाळत नाही.

म्हणून कपडे जाड नको, थर हवेत. अंगाला लागून सुती बनियन घालू नका, सूत घाम पिऊन बसतं. थर्मल घाला, त्यावर लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. वजन उचलायचं असेल तेव्हा आधी चेन उघडा, घाम यायच्या आत. काम थांबलं की लगेच लावा. स्वेटर हिवाळ्यातच घेऊन ठेवा. तिबेटी स्वेटरवाले एकदा उठून गेले की मार्चमध्ये नाशकात लोकरीचं काही शोधणं म्हणजे वणवण. एक कोरडं थर्मल पिशवीत जास्तीचं असू द्या, जेवणाच्या सुट्टीत बदलायला. एवढ्या एका गोष्टीनं दुसरी अर्धी पाळी सुसह्य होते.

पाय. याबद्दल कोणी सांगत नाही. थंडी वरून कमी, खालून जास्त चढते, कारण काँक्रीटची फरशी तळव्यातली ऊब ओढून घेते. गमबूट एक नंबर मोठा घ्या. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर बोटं आणखी गार पडतात. आत थोडी हवा खेळली पाहिजे, रक्तही. आपल्याकडे खोक्यांच्या पुठ्ठ्याला तोटा नाही. पाऊल ठेवून पेन्सिलीनं आखा, कापा, बुटाच्या तळाला घाला. ओला झाला की टाका, नवा कापा. कंटेनर भरताना मोजणी करत उभं राहायचं असेल तर फरशीवर नाही, रिकाम्या लाकडी पॅलेटवर उभे राहा.

हातात आधी पातळ विणलेले मोजे, त्यावर रबरी पकडीचे. लिहायचं असेल तर वरचा काढा, आतला राहू द्या. आणि लिहायला पेन्सिल घ्या. बॉलपेनची शाई आत घट्ट होते, मग माणूस मोजा काढून पेन तळहातावर चोळत बसतो. मोबाइल आतल्या खिशात, अंगालगत. बाहेरच्या खिशात चाळीस टक्के बॅटरी दाखवत दाखवत बंद पडतो.

प्री-कूलिंगच्या खोलीत वेगळी काळजी. शेतातून आलेला माल ४ अंशांच्या खाली आणायला तिथं सहा-आठ तास पंख्यानं गार हवा पेट्यांमधून ओढतात. काटा स्टोअरपेक्षा वर असला तरी तिथंच जास्त काकडायला होतं, कारण वारा अंगाभोवतीची ऊब टिकू देत नाही. पंख्यासमोर उभं राहून गप्पा मारू नका. कानटोपी कपाळापर्यंत ओढा, गळ्याला मफलर.

रिकाम्या पोटी आत जायचं नाही. मी बाजरीची भाकरी, तिळाची चटणी आणि गुळाचा खडा खाऊन निघतो. बायको डिंकाचे लाडू देते, ते पहिल्या चहाबरोबर पोरंच संपवतात. ‘एक पेग मारला की ऊब येते’ म्हणणारा प्रत्येक पाळीत एक तरी भेटतो. दारूनं कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, पण तीच ऊब बाहेर निघून जाते. असा माणूस मी आत सोडत नाही, मग तो कितीही रुसो.

आमच्याकडे अर्धा तास आत, दहा-पंधरा मिनिटं बाहेर असं चालतं. बाहेर आल्यावर जॅकेट काढा, पण थेट उन्हात जाऊ नका, आधी मधल्या खोलीत थांबा. उन्हात जॅकेटसकट बसलात तर पुन्हा घाम, पुन्हा तेच रडगाणं. बधिर झालेली बोटं उकळत्या चहाच्या ग्लासाला चिकटवू नका; भाजलेलं कळत नाही. काखेत धरा, हळूहळू येतात. मधुमेहामुळे पाय बधिर असतील किंवा दमा असेल तर या कामाला येण्याआधी डॉक्टरांना विचारा. पेट्यांमधल्या ग्रेप गार्डच्या, म्हणजे द्राक्षं सडू नयेत म्हणून ठेवतात त्या गंधकाचा वायू सोडणाऱ्या कागदाच्या, वासानंही दमेकऱ्याला खोकल्याची ढास लागते.

कुडकुडणं ठीक आहे, अंग स्वतःला तापवत असतं. पण कुडकुडणारा माणूस अचानक गप्प झाला, बोलताना अडखळला, हातातली पेटी सुटायला लागली, तर त्याला विचारत बसू नका, हाताला धरून बाहेर काढा. ओले कपडे काढा, कोरडी घोंगडी गुंडाळा, दवाखान्यात न्या. म्हणूनच आत एकट्यानं जायचं नाही.

आणि पाळी सुरू करताना सगळ्यात आधी आतल्या बाजूनं दार उघडायचा दांडा दाबून बघा, घंटाही वाजवून बघा. पोरं म्हणतात, काका रोज काय तेच. रोज तेच. मागच्या सीझनला एकदा दांड्यावर बर्फ धरला होता.