लॉगचं कोष्टक हातानं कसं करावं, आणि मग ते घरात कुठं वापरावं

बडोद्याच्या आमच्या दांडिया बाजारातल्या घरी लॉग टेबलची एक पिवळी पडलेली पुस्तिका आहे. वडील कलाभवनात, म्हणजे इथल्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत, शिकत होते तेव्हाची. भाची अकरावी सायन्सला गेली तेव्हा ती मी कौतुकानं तिच्या हातात ठेवली. तिनं चार पानं उलटली आणि विचारलं, "मामा, हे सगळे आकडे आले कुठून?"

मला उत्तर देता येईना. आम्हाला टेबल बघायला शिकवलं होतं, करायला कोणी शिकवलंच नव्हतं. त्या रविवारी आम्ही दोघांनी बसून ते केलं. दुपारच्या चहाच्या आत झालं, म्हणून इथे लिहितो आहे.

सामान फार नाही: कागद, पेन्सिल, मोजपट्टी, कात्री आणि मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा जाड कागद. फोन बाजूला ठेवा, तो शेवटी लागेल.

आधी शून्यं मोजा

१०० वर दोन शून्यं, म्हणून १०० चा लॉग २. १००० चा ३, लाखाचा ५. दहाचा १, आणि एकावर शून्यच नाही म्हणून १ चा लॉग ०. लॉग म्हणजे दहानं किती वेळा गुणलं याची मोजणी, एवढंच. आता १०० गुणिले १००० करा. उत्तर लाख. शून्यं बघा: २ आणि ३ मिळून ५. गुणाकाराचं काम बेरजेत उरकलं. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरनं १६१४ साली पहिली कोष्टकं छापली ती याच सोयीसाठी, आणि दहाच्या पायावरची, म्हणजे दहानं किती वेळा गुणलं ते मोजणारी, आपली नेहमीची पद्धत हेन्री ब्रिग्जनं पुढं नेली. ग्रहांची गणितं करणाऱ्यांचे दिवसच्या दिवस लांबलचक गुणाकारात जात होते, ते वाचले.

आपल्याकडेही यातला अर्धा विचार जुना आहे. नवव्या शतकातल्या वीरसेनाचार्यांच्या 'धवला' टीकेत 'अर्धच्छेद' हा शब्द येतो. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ते तिचे अर्धच्छेद. ६४ चे ३२, १६, ८, ४, २, १, म्हणजे सहा. आजच्या भाषेत हा दोनच्या पायाचा लॉग. शब्द इतका नेमका आहे की लॉगच्या 'लघुगणक' या मराठी नावापेक्षा मला तोच आवडतो.

मग मधल्या संख्या

शून्यं मोजून १०, १०० चं भागलं, पण २ चं काय? त्यावर एकही शून्य नाही. तर दोननं गुणत चला: २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. दहाव्या पायरीला आपण हजाराला जवळजवळ टेकलो. हजाराचा लॉग ३. दहा पायऱ्यांत ३, तर एका पायरीत ०.३. हा झाला २ चा लॉग. छापील टेबलात ०.३०१० आहे. हजारावरचे चोवीस सोडून दिले तरी आपण किती जवळ आलो ते बघा.

इथून पुढं सगळं त्या एका आकड्यावर. ४ म्हणजे दोनदा दोन, म्हणून ०.६. ८ चा ०.९. ५ म्हणजे दहाला दोननं भागलं. भागाकाराची वजाबाकी होते, म्हणून १ वजा ०.३, म्हणजे ०.७.

तीनला थोडी युक्ती लागते. ३ गुणिले ३, पुन्हा ३, पुन्हा ३ म्हणजे ८१. ८१ ला ८० समजा. ८० चा लॉग ०.९ अधिक १, म्हणजे १.९. चारानं भागा: ०.४७५. (छापील ०.४७७१.) मग ६ चा ०.७७५ आणि ९ चा ०.९५. सात उरला. सात साते एकोणपन्नास, त्याला ५० म्हणा. ५० चा १.७, निम्मे ०.८५. छापील ०.८४५१, म्हणजे सगळ्यात जास्त चूक आपली इथे झाली, आणि तीही पाच हजारांश. भाचीनं कोष्टक वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. "एवढंच?" म्हणाली. एवढंच.

पट्टी कापा

हे नुसतं वाचून सोडू नका, करून बघा. कॅलेंडरच्या कागदाच्या साधारण २० सेंटिमीटर लांब दोन पट्ट्या कापा. दोन्हीवर डाव्या टोकाला १ लिहा. आपल्या लॉगला २० नं गुणून खुणा करा: ६ सेंटिमीटरवर २, साडेनऊवर ३, १२ वर ४, १४ वर ५, साडेपंधरावर ६, १७ वर ७, १८ वर ८, १९ वर ९ आणि २० वर १०. खुणा पुढं पुढं दाट होत जातात. १ ते २ मध्ये सहा सेंटिमीटर, आणि ९ ते १० मध्ये जेमतेम एक. हे डोळ्यांनी एकदा बघून घ्या, पुढं लागेल.

आता २ गुणिले ३. वरच्या पट्टीचा १ खालच्या पट्टीच्या २ वर आणा. वरच्या ३ च्या खाली काय आलं? ६. पट्टीनं फक्त सहा आणि साडेनऊ सेंटिमीटर जोडले. ४ गुणिले ५ करताना वरचा ५ बाहेर लोंबेल. तेव्हा वरचा १० खालच्या ४ वर आणा आणि वरच्या ५ खाली बघा: २ दिसेल, म्हणजे २०. किती शून्यं ते आपलं आपण ठरवायचं, पट्टी सांगत नाही. स्लाइड रूल म्हणतात तो हाच. खिशातले कॅल्क्युलेटर येईपर्यंत इंजिनिअर लोक तो शर्टाच्या खिशात घालून फिरत.

गरब्याचा आवाज

बडोद्यात लॉगचं खरं काम नवरात्रात पडतं. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. डेसिबल म्हणजे आवाजाची ताकद किती पट आहे त्याच्या लॉगची दहापट. त्यामुळे आपल्या कोष्टकातले आकडे दहानं गुणले की झालं. एकाच ताकदीचे दोन भोंगे लावले, तर दुप्पट म्हणजे ०.३, म्हणून ३ डेसिबलची वाढ. ८० आणि ८० मिळून ८३ होतात, १६० नव्हे. मोकळ्या जागेत भोंग्यापासून दुप्पट लांब गेलात तर आवाजाची तीव्रता चौथाई होते. ४ चा लॉग ०.६, म्हणून ६ डेसिबल कमी. खिडकी बंद करावी की मागच्या खोलीत झोपायला जावं, याचा हिशेब यावर करता येतो.

एका वर्षी एका मैदानाच्या आयोजकांतले एक गृहस्थ मला समजावत होते, "काका, फक्त दहाच पॉइंट वाढवलेत." त्या दहा पॉइंटांनी, म्हणजे दहा डेसिबलनी, ध्वनीची ताकद दहापट होते. कानाला ती साधारण दुप्पट वाटते, म्हणून त्यांना ते चालतं. कानाचं असंच असतं, आपल्या पट्टीवरच्या दाट होत जाणाऱ्या खुणांसारखं. सेव-उसळीतही तरीचा पहिला चमचा जाणवतो तसा पाचवा जाणवत नाही.

निवासी भागात रात्री १० नंतरची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. समजा तुमच्या गच्चीवर फोनचं अ‍ॅप ९० दाखवतं. (अ‍ॅप ढोबळ असतं, तक्रारीसाठी धरू नका.) फरक ४५, म्हणजे लॉग ४.५. उलट वाचा: ४ म्हणजे चार शून्यं, दहा हजार. उरलेला ०.५ आपल्या कोष्टकात ३ च्या जरा पुढं पडतो. म्हणजे मर्यादेच्या तीस हजार पटींहून जास्त. 'दुप्पट आवाज' म्हणणारे इथेच फसतात.

भूकंप

२६ जानेवारी २००१ ची सकाळ. आम्ही झेंडावंदनाला निघालो होतो आणि पंखे हलायला लागले. कच्छमधल्या त्या भूकंपाची तीव्रता ७.७ होती. चार्ल्स रिश्टरनं १९३५ साली काढलेल्या आणि नंतर सुधारत गेलेल्या या मापात एक अंक वाढला की जमिनीची हालचाल दहापट होते. बाहेर पडणारी ऊर्जा मात्र लॉगमध्ये दीडनं वाढते, म्हणजे सुमारे ३२ पट. समजा उद्या बातमीत ४.७ चा धक्का आला. फरक ३, ऊर्जेसाठी ३ गुणिले दीड, ४.५. पुन्हा तीस हजारांहून जास्त पट, गरब्याच्या गच्चीवरचाच आकडा! हा योगायोग सापडला तेव्हा भाची आणि मी दोघंही हसलो. '४.७ म्हणजे ७.७ च्या निम्म्याहून जास्त' असं म्हणणारे शेजारी त्यानंतर आमच्या घरात टिकत नाहीत.

पेटी

मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढलेल्या या गावात पेटी बऱ्याच घरांत असते. सा पासून तार सा पर्यंत कंपनं दुप्पट होतात, लॉग ०.३. सा सोडून आणि तार सा धरून बारा पट्ट्या, म्हणजे प्रत्येकीला ०.०२५. पंचम सातवा: ०.१७५. कोष्टकात ३ चा लॉग वजा २ चा लॉग किती? तोच ०.१७५. म्हणून पंचम साच्या दीडपट, सा २४० तर प ३६०. शुद्ध मध्यम पाचवा, ०.१२५, तो ४ भागिले ३ शी जुळतो.

गंधाराला आपलं ढोबळ कोष्टक दगा देतं. चौथी पट्टी ०.१, आणि ५ भागिले ४ चा लॉगही ०.१, असं ते सांगतं. बारीक आकडे घ्या: पेटीचा ०.१००३ आणि शुद्ध गंधाराचा ०.०९६९. पेटीचा गंधार चढा लागतो ही गवयांची जुनी तक्रार आहे, आणि ती खरी आहे. कागदावरही दिसते.

दही आणि लिंबू

आंबटपणाचा पीएच हाही लॉगच, फक्त उलटा: आकडा उतरला की आम्लता चढते. शुद्ध पाणी ७, लिंबाचा रस २ च्या आसपास. पाच पायऱ्या, म्हणजे लाखपट. दही मधे कुठंतरी, साडेचारच्या जवळ.

मुदत ठेव कधी दुप्पट होते

आता फोन घ्या. कॅल्क्युलेटर आडवा धरा, 'लॉग'चं बटण दिसेल. शेजारी 'एलएन' असतं, ते वेगळ्या पायाचं. दोन्हींनी उत्तर निघतं, पण एकाच हिशेबात मिसळू नका. वर्षाला ७ टक्के चक्रवाढ असेल तर दरवर्षी पैसे १.०७ नं गुणले जातात. किती वर्षं गुणलं की २ होतील? २ चा लॉग भागिले १.०७ चा लॉग: ०.३०१० भागिले ०.०२९४, सव्वादहा वर्षं. बँकेतले लोक '७२ ला व्याजदरानं भागा' म्हणतात. ७२ भागिले ७ सुद्धा तेवढंच येतं. तिप्पट हवेत तर ०.४७७१ घ्या, सव्वासोळा वर्षं. व्याज वर्षाऐवजी तिमाहीला जमा होत असेल तर १.०७ च्या जागी १.०१७५ घ्या आणि उत्तर तिमाहीत वाचा.

शून्याचा किंवा उणे संख्येचा लॉग विचारलात तर फोन 'एरर' दाखवेल. दहाला कितीही वेळा गुणलं-भागलं तरी शून्य काही येत नाही, त्यामुळे फोन बिघडला म्हणून दुकानात नेऊ नका. आमच्याकडे एकजण नेऊन आला आहे.