फुलबागेत 'वीज म्हणाली धरतीला' करायचंय?

शिरवाडकरांचं हे नाटक ग्वाल्हेरात करायचं तर फुलबागेतच, असं आमच्या लष्कर भागातल्या प्रत्येक नाट्यमंडळाला कधी ना कधी वाटतं. वाटणारच. जून 1858मध्ये झाशीची राणी लढता लढता पडली ती या भागात, समाधीही इथेच. पण जागा पवित्र आहे म्हणून शेवटच्या रांगेला आवाज पोचत नाही.

आधी तारीख. 18 जूनचा हट्ट सोडा. त्या दिवशी समाधीवर मेळा, भोंगे, पुढारी. वर दुपारी लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, आणि संध्याकाळी केव्हाही आंधी, म्हणजे धुळीचं वादळ. 19 नोव्हेंबरच्या जयंतीजवळचा शनिवार धरा. साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, साडेसहाला सुरुवात केली की रात्री दहाच्या आत आटोपतं. दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा कायदाच आहे. नगर निगम, पोलीस आणि नाटकाचे हक्क, तिन्ही परवानग्या लेखी घ्या.

खरी डोकेदुखी आवाजाची. बाहेर भिंत नाही, त्यामुळे वर टांगलेले माईक कुचकामी. प्रमुख पात्रांना कॉलर माईक द्या, त्यावर फोमची टोपी हवीच. राणीचा माईक गळ्याशी लावाल तर मोत्यांचा कंठा त्यावर घासून खरखर होते. फेट्याच्या पुढच्या पटात खोचा. स्टेशन जवळ आहे, गाडीचा भोंगा ऐन स्वगतात वाजणार. तालमीतच ठरवा: भोंगा आला की वाक्य थांबवायचं, हालचाल थांबवायची नाही. प्रॉम्प्टर इथे निरुपयोगी, तेव्हा पाठांतर चोख. जनरेटर प्रेक्षकांपासून जितका लांब नेता येईल तितका न्या.

मागे कापडी पडदा नको. वारं भरलं की त्याचं शीड होतं. काळोख पुरता होत नाही, म्हणून नेपथ्य शिपायांच्या वेशातल्या पोरांनी उघड उघड बदलावं. बुजरेपणाने नाही, पहारा बदलल्याच्या ऐटीत.

घोडा आणू नका. प्रयोगात जनावर आणायला वेगळी नोंदणी लागते, आणि तो कुणाचं ऐकत नाही. टापा कनातीमागून वाजवा. मुळात लढाई दाखवायचीच कशाला? समोर बसलेल्यांना ठाऊक आहे ते कुठे बसलेत. दरबारातले, घरातले प्रवेश घोळून घोळून बसवा.

निम्मी गर्दी हिंदीवाली असेल. प्रत्येक अंकाआधी मिनिटभर हिंदी निवेदन ठेवा. निवेदकाला शाळेतली ती प्रसिद्ध 'खूब लड़ी मर्दानी' कविता म्हणायची हुक्की येईलच. नाटक संपेपर्यंत त्याच्या हातात माईक देऊ नका.