पावसाळ्यात लंगडणाऱ्या कोंबडीची काळजी

कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अंगणाचा लाल चिखल होतो आणि गावरान कोंबड्यांच्या पायांच्या तक्रारी सुरू होतात. कोंबडी लंगडू लागली की आपण आधी औषध शोधतो. पण ती ज्या ओल्या जागेवर रात्रंदिवस उभी आहे ती कोरडी केल्याशिवाय कोणतेही औषध टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

पहिल्या दिवशी तिला कळपातून वेगळी करून पडवीत, कोरड्या तुसावर डालग्याखाली ठेवावी. दाणा आणि पाणी चोचीच्या टप्प्यात असावे, कारण लंगडी कोंबडी बहुतेक वेळा दुखण्यापेक्षा पाण्यापर्यंत पोहोचता न आल्यामुळे आणि इतर कोंबड्यांच्या टोचण्यामुळे अधिक खचते. पाय तपासण्याचे काम रात्री, ती शांत बसली असताना, बॅटरीच्या उजेडात करावे.

बोटांना चिखलाचे वाळलेले गोळे चिकटले असतील तर ते ओढून काढू नयेत. गोळ्याबरोबर नखही निघून येते. कोमट पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटे भिजवून गोळा मऊ झाल्यावर बोटांनी सोडवावा आणि बोटांच्या बेचक्यांसह पाय सुक्या फडक्याने पुसावा.

तळव्याला सूज असून मधोमध काळी खपली दिसत असेल, तर काटा, खडा किंवा बांबूची कुसळ लागून झालेल्या बारीक जखमेतून जंतू आत शिरलेले असतात. सतत ओल्या राहिलेल्या तळव्याची कातडी मऊ पडते आणि अशी जखम सहज होते. कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, त्याचा घट्ट गोळा बनतो, त्यामुळे तळवा दाबून काही बाहेर येत नाही. उलट जखम खोल जाते. सूज लहान असेल तर हातमोजे घालून पाय मिठाच्या कोमट पाण्यात भिजवावा, कोरडा करावा, पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावावे आणि गॉजची पट्टी बांधून ती रोज बदलावी. पट्टी इतकी घट्ट नसावी की बोटे थंड किंवा सुजलेली वाटतील. गाठ मोठी व गरम असेल, किंवा तीन-चार दिवसांत उतार पडत नसेल, तर चीर देण्याचे काम पशुवैद्यकाचेच आहे. आणि त्यांनी प्रतिजैविक दिले तर अंडी किती दिवस खाऊ नयेत हेही त्यांनाच विचारावे.

पायाचे खवले उचललेले आणि पांढुरक्या खपल्यांनी भरलेले दिसले तर तो खवल्यांखाली राहणाऱ्या सूक्ष्म किडीचा त्रास असतो. कोमट पाण्याने पाय मऊ करून संपूर्ण नळीला खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली चोळावी आणि हा उपाय काही आठवडे सर्वच कोंबड्यांवर करावा. गावाकडे यासाठी रॉकेल लावण्याची पद्धत होती. ती सोडून द्यावी, कारण त्याने कातडी भाजते.

तीन ते पाच महिन्यांच्या तलंगेचा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीचा) एक पाय पुढे आणि दुसरा मागे ताणला गेला असेल तर मरेक्स रोगाचा संशय घ्यावा. मान वाकडी होऊन पाय लुळे पडले असतील तर राणीखेतचा. हे दोन्ही विषाणूंमुळे पसरणारे रोग आहेत, त्यांचा चिखलाशी संबंध नाही, त्यामुळे पट्टी बांधत न बसता उरलेल्या कोंबड्या वेगळ्या ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

आता जागेविषयी. खुराड्याची वळचण इतकी पुढे असावी की पागोळ्या आत उडणार नाहीत, आणि जमीन जांभ्याचे चिरे घालून आजूबाजूपेक्षा किमान वीतभर उंच करावी. त्यावर तीन-चार इंच भाताचे तूस पसरून ते दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करावे. मूठभर तूस दाबून पाहावे: हात उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते बदलायला झाले आहे. ओल घालवण्यासाठी ओल्या तुसावर चुना किंवा चुलीतली राख टाकून लगेच कोंबड्या सोडण्याची चूक मी स्वतः एका पावसाळ्यात केली होती. पाण्यात भिजल्यावर दोन्ही तळव्यांना भाजतात. बसण्याची दांडी गुळगुळीत आणि आपल्या गुडघ्याएवढ्या उंचीवर असावी, कारण उंचावरून कठीण जमिनीवर उडी मारणेही तळवा फुटण्याचे एक कारण असते. पाण्याचे भांडे विटेवर ठेवले तर सांडलेल्या पाण्याने त्याच्याभोवती होणारा चिखल बराच कमी होतो.

बरी झालेली कोंबडी संध्याकाळी, सगळ्या कोंबड्या दांडीवर बसल्यानंतर, त्यांच्यात हळूच ठेवावी. दिवसा सोडली तर मारामारी होऊन तोच पाय पुन्हा दुखावतो.