विकास आराखड्यावर हरकत नोंदवताना या चुका टाळा

शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या विकास आराखड्याचे प्रारूप, म्हणजे कच्चा मसुदा, प्रसिद्ध झाले की महापालिका-नगरपालिकांकडे हरकतींचे गठ्ठे जमा होतात. मात्र नेमक्या कोणत्या जागेबाबत कोणता बदल हवा आहे, हेच अनेक हरकतींतून समजत नाही आणि त्या सुनावणीत टिकत नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 ने नागरिकाला दिलेली ही संधी थोड्या दिवसांची असते, म्हणून ती वाया जाऊ नये.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आराखडा हाती येईपर्यंत थांबणे. आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर झाल्यावर कलम 25 नुसार विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो आणि पुढची आखणी त्याच्याच आधारे होते. त्या नकाशात राहती इमारत मोकळी जागा म्हणून रंगवली गेली किंवा वापरातली वाट सुटली, तर त्याच जागेवर पुढे आरक्षण (उद्यान, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवणे) किंवा रस्ता पडू शकतो. इरादा जाहीर होताच आपल्या जागेची सद्यस्थिती पुराव्यांसह नगररचना विभागाला लेखी कळवावी. एवढे साधे काम फार थोडे लोक करतात, याची खंत वाटते.

दुसरी चूक मुदतीची. कलम 26 खालील हरकतींची मुदत राजपत्रातील सूचनेच्या दिनांकापासून मोजली जाते. ती सर्वसाधारणपणे 30 दिवसांची, तर बृहन्मुंबईत 60 दिवसांची असते. सूचना आपल्या वाचनात कधी आली, याला येथे महत्त्व नाही आणि मुदतवाढीच्या भरवशावर तर मुळीच राहू नये.

सातबारा कोरा आहे, म्हणजे आरक्षण नाही, असा समजही घातक ठरतो. आरक्षण आणि झोन (जागेच्या परवानगी असलेल्या वापराचा विभाग) विकास आराखड्यात ठरतात आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावर असेलच असे नाही. नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा (आराखड्यातील आपल्या जागेपुरता भाग) घ्यावा व तो मोजणी नकाशाशी ताडून पाहावा. गटाचे पोटहिस्से पडलेले असतील, तर आराखड्यातील रेषा नेमक्या कोणत्या हिश्श्यातून जाते, हे या ताडणीतूनच कळते.

आता हरकतीच्या मजकुराविषयी. ‘आमच्यावर अन्याय झाला आहे, आरक्षण रद्द करावे’ या वाक्यावर हरकतींची सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी गट क्रमांक, आराखड्यातील आरक्षण क्रमांक, आक्षेपाचे कारण आणि सुचवलेला बदल, असे चारही मुद्दे लिहावेत. उदाहरणार्थ, 18 मीटर रुंदीचा प्रस्तावित रस्ता मंजूर रेखांकनातील इमारतीतून जात असेल, तर मंजुरीची प्रत जोडावी आणि तोच रस्ता शेजारच्या मोकळ्या पट्ट्यातून कसा वळवता येईल, हे नकाशावर आखून दाखवावे. छापील नमुन्यावर फक्त सह्या घेऊन शेकडो अर्ज दिल्याने गठ्ठा वाढतो, पण मुद्दा एकच राहतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.

ज्यांना उद्यानाचे किंवा शाळेचे आरक्षण हवे असते, ते बहुधा गप्प बसतात. मग दप्तरी फक्त विरोध करणाऱ्यांचे कागद राहतात. समर्थनाची सूचनाही लेखीच द्यावी.

सुनावणीला गैरहजर राहू नये; स्वतः जाणे शक्य नसेल तर अधिकारपत्र देऊन प्रतिनिधी पाठवावा. बोलायला वेळ कमी मिळतो, म्हणून मुद्द्यांचे लेखी निवेदन तेथेच सादर करावे आणि त्याची पोच घ्यावी.

नियोजन समितीचा अहवाल आला की विषय संपला, असे समजणे हीदेखील चूकच आहे. शासन मंजुरी देताना महत्त्वाचे बदल सुचवत असेल, तर त्यांवर पुन्हा हरकती मागवल्या जातात. मंजुरीनंतर कलम 37 नुसार होणाऱ्या फेरबदलासाठीही सूचना निघते आणि तिची मुदत एक महिन्याची असते; शेजारच्या भूखंडाचा वापर बहुधा याच मार्गाने बदलतो.

आरक्षित जमीन वर्षानुवर्षे संपादित होत नसेल, तर मालकाला कलम 127 खाली खरेदी सूचना, म्हणजे जमीन संपादित करण्याबाबतची नोटीस, देता येते. त्यासाठीची 10 वर्षे प्रारूपाच्या तारखेपासून मोजू नयेत. ती अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून मोजतात. सूचनेसोबत मालकी हक्काची कागदपत्रे जोडावीत. सूचना पोहोचल्यापासून 24 महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावलेही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते.