धुक्यातला गोदाघाट जलरंगात

हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमारास जुन्या नाशिकच्या काठावरून पंचवटीकडे पाहिले, तर नारोशंकराचे देऊळ ओळखू येते ते केवळ शिखराच्या आकारावरून. कोरीवकाम, खिडक्या, विजेच्या तारा यांतले काहीही दिसत नाही, कारण उजेड समोरून येत असतो आणि मध्ये धुके असते. जे दिसत नाही ते रंगवण्याचा मोह टाळणे हाच या चित्राचा निम्मा अभ्यास आहे.

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), शक्यतो सुती घ्यावा. पातळ कागद भिजताच फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. पेन्सिलीने शिखरे, घाटाची रेषा आणि दोन-तीन माणसांच्या जागा एवढेच आखावे. राखाडीसाठी काळा रंग वापरू नये. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणातून थंड किंवा उबदार, हवा तसा करडा मिळतो.

आकाश आणि पाणी यांचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, एकदमच द्यावा. ओल्या कागदावर क्षितिजाजवळ फिकट यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि वर करडा निळा लावून, तोच ओघ न थांबता खाली नदीपर्यंत आणावा. यानंतरची दोन-तीन मिनिटे महत्त्वाची असतात. कागद तिरपा धरून पाहावा आणि चकाकी मावळू लागली की दूरच्या इमारती दाट रंगाने टेकवाव्यात, म्हणजे त्यांच्या कडा आपोआप विरघळतात. ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल तर मात्र फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात. माझी कित्येक आकाशे अशी वाया गेली आहेत, आणि डाग पुसायला गेल्यावर ती अधिकच बिघडली.

कागद पूर्ण वाळल्यावर देवळाचा गडद आकार भरावा आणि तो घाटाला टेकतो तिथली कड स्वच्छ ओल्या ब्रशने सैल करावी, कारण धुके पाण्यालगत सर्वांत दाट असते. वाळताना रंग फिका पडतो, म्हणून तो थोडा जास्तच गडद लावावा. प्रतिबिंब सरळ खाली ओढावे. गडद वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा किंचित उजळ ठेवावे. पायऱ्यांवरची माणसे शेवटी, प्रत्येकी दोन-तीन फटकाऱ्यांत काढावीत. त्यांना पाय स्पष्ट नसले तरी चालते. पाण्यावरच्या चमकेसाठी कागद कोरा राखायचा राहून गेला असेल, तर कागद खडखडीत वाळल्यावर ब्लेडच्या टोकाने एक-दोन आडव्या रेघा खरवडाव्यात, त्याहून जास्त नकोत.