पेटीचं भिंतीवरचं कपाट, बँडच्या ड्रमचं टेबल

भजनी मंडळाची बंद पडलेली पेटी (हार्मोनियम), लग्नाच्या बँडमधून बाद झालेला मोठा ड्रम, फुटक्या पुडीचा (वरच्या कातड्याचा) तबला अशा वस्तू खान्देशात बऱ्याच घरांच्या माळ्यावर सापडतात. त्यांपासून कपाट, टेबल असं घरातलं सामान करता येतं. बँडवाल्यांकडे चौकशी करायची तर आषाढी एकादशीनंतर जावं. लग्नसराई थांबलेली असते आणि त्यांनाही बोलायला सवड मिळते.

वाद्य आधी दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. नुसता भाता फाटलेली किंवा दोन-चार सूर बसलेली पेटी दुरुस्त होते, ती मोडू नये. सातपुड्याच्या पाड्यांवरचे होळीचे ढोल जुने दिसले तरी मानाचे आणि वापरातले असतात, त्यामुळे ते सामानासाठी मागूच नयेत. वाद्याला पाय लागणं आपल्याकडे कोणालाच रुचत नाही, म्हणून बसायचं स्टूल किंवा पाय ठेवायचा पाट करण्याचा विचारही सोडा.

यात मुख्य अडचण ताकदीची असते. पेटीचं अंग हवा कोंडायला बनवलेलं असतं आणि ड्रमचं अंग ताण सोसायला. वजन पेलणं हे दोघांचंही काम नाही. त्यामुळे भार नेहमी आत बसवलेल्या नव्या प्लायवर किंवा खांबांवर घ्यायचा.

पेटी

साधी पेटी सुमारे २ फूट लांब, १ फूट रुंद आणि ९-१० इंच उंच असते. लाकडाला बारीक भोकं असतील आणि खाली पिठासारखी पूड पडत असेल तर ती कीड आहे. हार्डवेअरच्या दुकानात लाकडाच्या किडीचं औषध मिळतं. हातमोजे घालून ते सिरिंजने एकेका भोकात सोडा आणि पेटी आठवडाभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. कीड मरावी म्हणून पेटी मे महिन्याच्या उन्हात ठेवू नका. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत जुना सरस सुटतो आणि फळ्या चिरतात.

वरचं झाकण काढल्यावर पट्ट्यांची फळी आणि तिच्याखालची पितळी सुरांची फळी दिसते. या फळ्या स्क्रूने किंवा हुकाने बसवलेल्या असतात, त्या अखंड उचला. सूर सुटे करू नका. दुरुस्तीवाल्याला ते फळीसकट हवे असतात आणि दुसऱ्या पेटीत कामी येतात. मग पेटी उलटी करून तळाची फळी काढायची. आतल्या भात्याच्या कमान्या दाबलेल्या असतात, म्हणून शेवटचे दोन स्क्रू काढताना फळी एका हाताने दाबून धरा, नाहीतर कमान तोंडावर उडते.

बाहेरच्या भात्याच्या कागदी-कातडी घडीत झुरळं आणि कसर राहते. ती घडी पूर्ण कापून टाका आणि भात्याची फळी सरळ पेटीच्या अंगाला स्क्रूने जोडा. हवेची भोकं तिच्याखाली आपोआप झाकली जातात.

आता तळाच्या जागी १२ मिमी प्लाय. पेटीच्या फळ्या पातळ असल्यामुळे त्यांच्या कडेत स्क्रू मारला की चीर जाते. म्हणून आतल्या कडांना १८ मिमी जाडीच्या चौरस पट्ट्या फेविकॉलने चिकटवा, २४ तास शिकंज्यात ठेवा आणि मागून प्लायमधून त्या पट्ट्यांत २५ मिमी लांबीचे स्क्रू घाला. आधी २ मिमी ड्रिलने भोक पाडायचंच, कारण एवढी बारीक पट्टी भोकाशिवाय फाटू शकते.

हा प्लाय भिंतीकडे येईल. पेटी टांगताना भात्याची बाजू खाली ठेवा, तिथे आता दुहेरी फळी आहे. पुढचे खटके (ओढायच्या दांड्या) वर राहतात, ते जागीच चिकटवा. खटके खाली ठेवून त्यांवर किल्ल्या अडकवू नका, दांडी ओढली की बाहेर येते. मूळ झाकण बहुधा दोन तुकड्यांचं असतं. त्यांच्यामागे दोन आडव्या पट्ट्या मारून एकच दार करा आणि २ इंची बिजागरी लावा. दाराभोवती २ मिमी फट सोडा. काम उन्हाळ्यात करत असाल तर ३ मिमी, कारण तेव्हा लाकूड आक्रसलेलं असतं आणि जुलैत फुगून दार अडकतं. लाखेचं पॉलिशही पावसाळ्यात करू नये, दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते.

विटांच्या भिंतीत ८ मिमीचे चार प्लग पुरतात. धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंतीत प्लग धरतच नाही. तिथे कपाट टांगू नका, फडताळात किंवा टेबलावर ठेवा.

बँडचा मोठा ड्रम

सुमारे २४ इंच व्यासाचा आणि १४ इंच खोलीचा ड्रम चहाच्या टेबलाला योग्य. ताणाचे बोल्ट गंजलेले असतील तर त्यांवर रात्रभर रॉकेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. समोरासमोरचे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा. एकीकडचे सगळे आधी काढले तर कडं वाकतं आणि पुन्हा बसत नाही. पानं (दोन्ही तोंडांवरचे पडदे) काढली तरी दोन्ही कडी परत लावायची, नाहीतर ड्रम हळूहळू अंडाकृती होतो.

तळाला १२ मिमी प्लायची चकती, ड्रमच्या आतल्या व्यासापेक्षा ४ मिमी लहान, सहा एल-क्लिपांवर बसवा. तिच्यावर आतल्या कडेला लागून ४० मिमी जाडीचे तीन लाकडी खांब उभे करा आणि त्यांची डोकी वरच्या कड्यापेक्षा ३ मिमी उंच ठेवा. टेबलाचा भार खांबांवर उतरतो तो या ३ मिमीमुळे. खांब ज्या जागी आहेत त्यांच्या जवळच चकतीखाली २ इंची चाकं येऊ द्या. वरचं झाकण १८ मिमी प्लायचं, ड्रमपेक्षा २ इंच मोठं. ते सरकू नये म्हणून खालून तीन ठोकळे.

आत गोधड्या मावतात. ड्रमच्या अंगाला हवेसाठी एक छोटं भोक असतं, ते बुजवू नका, तेवढीच आत हवा खेळते.

तबला

वजन पेलण्याच्या बाबतीत हा एकच अपवाद. याचं अंग भरीव लाकडातून कोरलेलं असतं आणि तळ जाड असतो, त्यामुळे छोट्या दिव्याचं वजन तो सहज पेलतो. वादी (ताणाचा चामडी पट्टा) कापून पुडी शाईसकट (मधल्या काळ्या गोलासकट) एकसंध काढा. शाईत लोखंडाचा कीस असतो, ती घासून धूळ उडवू नका. आतली पोकळी कमी खोल असते, म्हणून पेन, सुयादोरे किंवा उदबत्त्यांपुरतीच वापरावी. डग्ग्यात मात्र खाण्याचं काही ठेवू नये, तांब्या-पितळेचा असला तरी.