फोनवरून वय कळतं: कोणत्या सवयी बदलाव्यात, कोणत्या राहू द्याव्यात

केस रंगवता येतात, जीन्स घालता येते. पण सकाळी साडेसहाला फॅमिली ग्रुपवर गुलाब, वाफाळता चहा आणि सुविचार असं तिन्ही एकाच चित्रात येऊन पडलं, की पाठवणाऱ्याने पन्नाशी गाठली आहे हे घरातली मुलं नाव न बघता सांगतात. त्यात बिघडण्यासारखं काही नाही. बिघडतं ते आपण समोरच्याचा वेळ, त्याचे कान किंवा त्याच्या फोनमधली जागा न विचारता वापरतो तेव्हा. म्हणून बदलायच्या सवयी निवडताना हीच तीन कारणं धरली आहेत. ज्या नुसत्या जुन्या दिसतात, त्यांना हात लावू नका.

फोन करायच्या आधी

न कळवता थेट फोन लावणं, ही विशी-तिशीतल्यांना सगळ्यात जास्त खटकणारी सवय. ती पडली त्यालाही कारण आहे. एसटीडी बूथवर मीटर पळत असायचा, रात्री उशिरा दर उतरले की रांग लागायची. १९९५ मध्ये मोबाइल आला तेव्हा आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. ते थांबले २००३ मध्ये. फोन वाजला म्हणजे काहीतरी महत्त्वाचं, तो उचलायचाच, हे अंगवळणी पडलं. आजची मुलं मीटिंगमध्ये, लेक्चरला, लोकलमध्ये असतात आणि फोन सायलेंटवर असतो. स्क्रीनवर ‘बाबा’चे लागोपाठ चार मिस्ड कॉल दिसले की पोटात गोळा येतो. धावतपळत बाहेर येऊन फोन करावा, तर बाबांना वायफायचा पासवर्ड हवा असतो.

आधी एक ओळ लिहा. तीत तीन गोष्टी हव्यात: विषय, वेळ आणि घाई आहे की नाही. ‘वीजबिलाचं विचारायचंय, ५ मिनिटं, घाई नाही. मोकळा झालास की फोन कर.’ नुसतं ‘फोन कर’ एवढंच लिहिलंत तर त्याने मिस्ड कॉलइतकीच धास्ती बसते.

तातडीसाठी घरात एक खूण ठरवून ठेवा: लागोपाठ दोनदा फोन. याला फोनची स्वतःची सोयही आहे. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असलं तरी त्याच नंबरवरून आयफोनवर तीन मिनिटांत आणि अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत दुसरा कॉल आला, तर तो वाजू शकतो. त्यासाठी मुलांच्या फोनवर पुन्हा येणारे कॉल वाजू देण्याची सेटिंग चालू असायला हवी. ती एकदा त्यांच्याकडून बघून घ्या. आणि ही खूण कोथिंबिरीसाठी एकदा वापरलीत की तिची किंमत गेली.

‘पोहोचलास का?’ यासाठी दर तासाला फोन करण्यापेक्षा लाइव्ह लोकेशन मागा. व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये जोडण्याच्या खुणेवर, मग ‘लोकेशन’वर गेलं की १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास असे पर्याय मिळतात. पुणे ते नागपूर बसचा प्रवास ८ तासांत होत नाही, तेव्हा मध्येच ठिपका नाहीसा झाला तर घाबरू नका, मुदत संपलेली असते. मात्र हे रात्रीच्या प्रवासापुरतंच. नोकरी करणाऱ्या मुलीचं लोकेशन रोज मागणं हे दहा फोनांपेक्षा वाईट.

टिंबं, पूर्णविराम आणि एकटा अंगठा

हा मेसेज बघा:

‘पोहोचलीस का....... जेवण झालं....... बरं..........’

लिहिणाऱ्याच्या मनात ती टिंबं म्हणजे निव्वळ थांबा. पोस्टकार्ड आणि पत्रं लिहिताना अशी टिंबं कुणालाच खटकत नव्हती. वाचणारी मात्र बावीस वर्षांची असेल तर तिला त्यात न बोललेलं काहीतरी दिसतं. आई रागावली आहे का? कालचं मनात आहे का? शेवटचं ‘बरं..........’ तर सरळ रुसवा वाटतो. तोच मेसेज ‘पोहोचलीस का? जेवलीस?’ असा लिहिला की सात शंका मिटतात. नियम सोपा आहे: प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह द्या, दोन वाक्यं असतील तर दोन ओळी करा, टिंबं काढून टाका.

एका शब्दाच्या उत्तरापुढचा पूर्णविराम हाही असाच. ‘ठीक आहे’ हे साधं उत्तर, ‘ठीक आहे.’ हे दार लावल्यासारखं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या २०१५ सालच्या अभ्यासातही, पूर्णविरामाने संपणारं एका शब्दाचं उत्तर वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचं वाटलं होतं. लांब मजकुरात पूर्णविराम जरूर द्या, ‘हो’ आणि ‘बरं’ यांच्यापुढे नको.

नुसता अंगठा ऑफिसच्या ग्रुपवर ‘वाचलं’ या अर्थाने चालतो. मुलाने नव्या नोकरीची बातमी दिली आणि खाली वडिलांचा एकटा अंगठा आला, की तो ‘बरं, पुरे’ असा वाचला जातो. तिथे दोन शब्द टाइप करा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहराही आता कॉलेजातल्या मुलांना काकांचा वाटतो. ती मंडळी त्याजागी कवटी किंवा धाय मोकलून रडणारा चेहरा टाकतात. ते शिकायच्या फंदात पडू नका. साठीतल्या माणसाने पाठवलेली कवटी फार वाईट दिसते.

टाइप करायला वेळ लागतो म्हणून अर्धवट रोमन मराठी लिहिली जात असेल, तर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘भाषा’ उघडून मराठी जोडा. इंग्रजी अक्षरं दाबून देवनागरी उमटवण्याचा आणि बोटाने स्क्रीनवर लिहिण्याचा असे दोन्ही पर्याय तिथे मिळतात. हस्ताक्षर चांगलं असलेल्यांना दुसरा फार सोयीचा जातो. जोडाक्षर सुटं उमटत असेल तर ते एका दमात, बोट न रेंगाळवता लिहा.

चूक झाली तर व्हॉट्सॲपवर मेसेज दाबून धरून १५ मिनिटांच्या आत ‘एडिट’ करता येतो. सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण डिलीट केल्याची खूण मागे राहते आणि मग ‘काय होतं काका?’ असं अख्खा ग्रुप विचारत बसतो. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुकीला एडिटच बरं.

मेसेजखाली ‘– तुझा काका’ अशी सही करायची गरज नाही, नाव वर दिसतंच. अपवाद सोसायटीच्या ग्रुपचा. तिथे निम्मे नंबर सेव्ह नसतात, म्हणून ‘बी विंग, ३०२’ एवढं अवश्य लिहा.

शुभ सकाळ आणि भरलेला फोन

२०१८ च्या सुरुवातीला गूगलने भारतातले फोन का भरतात याचा शोध घेतला, तेव्हा या शुभेच्छांच्या चित्रांवर बोट आलं होतं, आणि अशी चित्रं शोधून काढून टाकायची सोय त्यांनी आपल्या फाइल्स ॲपमध्ये दिली. रोज पन्नास जणांना चित्र पाठवलं तर पन्नास फोनांवर ते साठतं, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी गॅलरीतही उतरतं. नातवाच्या बारशाच्या फोटोंमध्ये मग अडीचशे कमळं सापडतात.

शुभेच्छा द्यायच्याच असतील तर चित्र स्टेटसला लावा. ज्याला बघायचं तो बघेल, २४ तासांनी आपोआप जाईल. एखाद्या माणसाची खरंच आठवण झाली तर त्याच्या नावाने एक ओळ लिहा: ‘गुडघा कसा आहे आता?’ याला उत्तर येतं, कमळाला येत नाही.

आपला फोन मोकळा करायचा क्रम असा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधलं ‘स्टोरेज आणि डेटा’ उघडा. तिथे अँड्रॉइडवर ऑटो-डाउनलोडमध्ये मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग असे तीन भाग दिसतील. तिन्हींत व्हिडिओची खूण काढा. त्याच पानावर स्टोरेजची यादी आहे. अनेक वेळा फॉरवर्ड झालेलं आणि ५ एमबीपेक्षा मोठं, असे दोन ढीग तिथे वेगळे मांडलेले असतात. पहिला सरसकट उडवायला हरकत नाही. दुसरा डोळ्यांखालून घाला, लग्नाचा व्हिडिओ नेमका त्यातच असतो. लोक पहिली पायरी गाळून थेट डिलीट करत सुटतात, आणि महिन्याभरात फोन पुन्हा भरतो.

ग्रुपवर वाढदिवस असेल तर साठावी ‘हार्दिक शुभेच्छा’ टाकण्याऐवजी पहिल्याच मेसेजवर बोट दाबून बदाम द्या, आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याला वेगळं लिहा. श्रद्धांजलीच्या मेसेजखाली मात्र विनोद फॉरवर्ड होणार नाही एवढं पाहा. ग्रुप उघडल्यावर आधी वरचे चार मेसेज वाचायचे, मग टाकायचं, एवढ्याने हा घोळ टळतो.

फॉरवर्ड करताना वर दुहेरी बाण दिसला, तर तो मजकूर निदान पाच हातांतून फिरून आला आहे असं समजा. २०२० पासून तो एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे ढकलता येतो, याचं कारणच ते. ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगात सर्वोत्कृष्ट ठरवलं, नासाने अवकाशातून दिवाळीचा रंगीबेरंगी फोटो काढला, दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, ही तिन्ही खोटी निघालेली आणि तरीही वर्षानुवर्षं फिरत राहिलेली. ‘व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटी’ हा टोमणा अशाच मेसेजांवरून आला. मजकुरातले दोन-तीन ठळक शब्द आणि पुढे ‘फॅक्ट चेक’ असं गूगलवर टाका. एका मिनिटाचं काम आहे. औषधाच्या फॉरवर्डला तेवढीही सूट नाही. तो डॉक्टरांनाच दाखवायचा.

कानांची बाब

स्पीकर चालू करून फोन तोंडासमोर आडवा धरणं, ही खूण दुरूनही ओळखू येते. ऐकू कमी येतं म्हणून हे होतं, तेव्हा उपायही तिथलाच हवा: कॉल चालू असताना बाजूचं वरचं बटण दाबून आवाज पूर्ण वाढवा आणि कानाजवळच्या स्पीकरच्या फटीत साचलेली धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा. बऱ्याच फोनांचा आवाज त्या धुळीनेच बसतो. तरीही ऐकू येत नसेल तर कानाची तपासणी करून घ्या. लोकलमध्ये, दवाखान्यात रील मोठ्याने लावण्याला मात्र कोणतंच कारण चालत नाही. वायरचा साधा इअरफोन खिशात ठेवा, तो चार्ज करावा लागत नाही.

व्हिडिओ कॉलवर परदेशातल्या नातवंडांना बहुतेक वेळा कपाळ आणि छतावरचा पंखा दिसतो. फोन हातात न धरता डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, हातभर अंतरावर बसा, खिडकी पाठीमागे नाही तर समोर घ्या. कॅमेऱ्याच्या काचेवरचा तेलाचा हात पुसा. एकाच खोलीतून आजी आणि आजोबा वेगवेगळ्या फोनवरून कॉलमध्ये आले की एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरून कर्कश शिट्टी वाजते. एक फोन बंद करा किंवा एकाने खोली बदला.

व्हॉइस नोट ही दोन्ही पिढ्यांना आवडते, फक्त ती चार मिनिटांची नसावी. माइकचं बटण दाबून वर सरकवलं की लॉक होतं आणि बोट धरून ठेवावं लागत नाही. एका नोटेत एकच विषय, साधारण मिनिटभर. पत्ता, खाते क्रमांक, औषधाचं नाव बोलू नका, टाइप करा. ते शोधण्यासाठी अख्खी नोट पुन्हा ऐकावी लागते.

प्रत्यक्ष भेटल्यावर

‘पगार किती?’, ‘लग्नाचं काय?’, ‘जाड झालीस गं’ ही तीन वाक्यं ज्या घरात ऐकू येतात, तिथल्या मुलांना सणाच्या दिवशी नेमकं ऑफिसचं काम निघतं. विचारायचं तर असं विचारा की उत्तर सांगताना त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही: दिवसभर काम कसलं असतं, राहता तिथे जेवणाचं काय करता, सध्या काय बघताय. ‘आमच्या वेळी’ सुद्धा चालतं, तुलना गाळली तर. ‘आमच्या वेळी दीड रुपयात’ असं सुरू झालं की मुलांचा हात फोनकडे जातो. गिरणगावातली खोली, एसटीची रात्रीची गाडी, रॉकेलची रांग यांतलं एकच काहीतरी नीट सांगा, ती ऐकतात आणि पुढे प्रश्नही विचारतात.

यांना हात लावू नका

मोठा फाँट ठेवा. चष्मा शोधत अर्धं वाचण्यापेक्षा ते बरं. खिशात थोडी रोकड असू द्या. भाजीवालीकडे नेटवर्क गेलं की क्यूआर कोडसमोर उभी असलेली मुलंही आपल्याकडेच बघतात. कागदपत्रांच्या झेरॉक्सचे संच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहेत तसेच राहू द्या. डिजिलॉकरमधलं लायसन्स वाहतूक पोलिसांना चालतं, पण बऱ्याच कार्यालयांच्या खिडकीवर अजूनही सही केलेली प्रत मागतात. दोन प्रती पुरतात. त्यावर तारीख आणि ‘अमुक कामासाठी’ असं आडवं लिहून द्या, म्हणजे ती दुसरीकडे वापरली जाणार नाही.

यूपीआयवर पैसे आल्यावर बँकेचा मेसेज तपासणं, ही मुलांना हसू आणणारी सवयही अजिबात सोडू नका. समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट खोटा असू शकतो, खात्यातली नोंद नाही. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, नंतर मुलाला सांगा.